चार डब्यांतला पळस

तुळशीचे लग्न लागले की इंदुरात बडा गणपतीच्या आसपासच्या गल्ल्यांना छपाईच्या शाईचा वास येऊ लागतो. वर्षभर बिलबुके, पावत्या आणि शाळांची प्रगतिपुस्तके छापणारी यंत्रे या दिवसांत लग्नपत्रिकांकडे वळतात. दुकानांतल्या फळ्यांवर ओल्या पत्रिका सुकायला मांडलेल्या असतात, दारात कुणाचा तरी मामा चपला न काढता उभ्या उभ्या नावे तपासत असतो, आणि रस्त्यावरून एखादी वरात वाजत गेली की काउंटरवरचे बोलणे तेवढ्यापुरते थांबते. थंडीला अजून धार नसते. सकाळी शाल लागते, दुपारी ती खांद्यावर नकोशी होते. शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली, तरी या मोसमात मी दुपारची राजूभियांच्या प्रेसमध्ये जाऊन बसते. मी चित्रकलेची शिक्षिका होते. नजर अजून चांगली आहे. छपाईला जाणाऱ्या फायली तपासणे एवढेच माझे काम.

फायली तपासणे म्हणजे काय, ते आधी सांगते. संगणकावर रेषांनी आणि आकारांनी जे चित्र बनवतात, त्याच्या प्रत्येक आकारावर जाऊन त्यात रंग कोणत्या पद्धतीने, छपाईच्या की संगणकाच्या पडद्याच्या, भरला आहे ते पाहायचे. छायाचित्र असले तर ते सगळेच्या सगळे एकाच पद्धतीत असते; एकदा बदलले की काम संपले. रेषाचित्राचे तसे नसते. तिथे प्रत्येक पाकळी, प्रत्येक पान, प्रत्येक अक्षर आपापला रंग स्वतःजवळ बाळगून असते. एकाच वेलीवरचे एक पान छपाईच्या पद्धतीत आणि शेजारचे पडद्याच्या पद्धतीत असू शकते, आणि पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखीच हिरवी दिसतात. घोटाळा कळतो तो छापून आल्यावर.

काम शिकायला येणाऱ्या मुलींना मी सांगते, की कोरे पान उघडतानाच छपाईची पद्धत निवडावी. बारीक अक्षरांत फक्त काळी शाई भरावी. चारही शायांचा काळा भरला तर अक्षरांच्या कडा पिंजारतात. आणि तयार चित्राची पद्धत बदलायची वेळ आलीच, तर आधी मूळ फायलीची एक प्रत वेगळी ठेवावी. पडद्यावरचा रंग छपाईच्या पद्धतीत आणला की त्याचे तेज कमी होते. नंतर उलटी आज्ञा दिली तर पद्धत परत येते, तेज येत नाही.

माझ्याजवळ अशी एक मूळ प्रत आहे.

ती ज्या मोसमातली, तो इथली कापडमिल बंद पडल्यानंतरचा पहिला हिवाळा होता. मी, माझा थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची नुकती चालायला लागलेली मुक्ता असे आम्ही छत्रीबागेत भाड्याच्या घरात राहत होतो. भावाला मी दादा म्हणते. दादा मिलच्या छपाईखात्यात चित्रकार होता. चौकटींच्या कागदावर कुंचल्याने फुले-वेली काढायच्या, आणि त्या कापडाच्या ताग्यावर न तुटता पुन्हा पुन्हा कशा येतील ते बसवायचे, हे त्याचे काम. आमच्या घराच्या मागच्या अंगाला उतार होता आणि उताराखाली खान नदी. नदी म्हणायची ती कागदोपत्री. मिल चालू असताना तिच्यात कधी लाल धार उतरे, कधी जांभळी. सकाळी शाळेत निघताना मी खाली पाहून दादाला सांगत असे, "आज तुमच्याकडं राणी रंग चाललाय." तो दाढी करता करता म्हणे, "बरोबर है." मिल बंद झाल्यावर धारा बंद झाल्या. पाणी एकाच रंगाचे झाले, त्याला नाव देता येत नव्हते. लोक म्हणाले, चला, घाण तरी गेली. मी मात्र निघताना खाली पाहण्याची सवय सोडू शकले नाही.

दादा कुणाशी भांडला नाही, कुणाला दोष दिला नाही. तो गप्प झाला. विचारले तेवढेच बोले, आणि हळूहळू विचारणारी आम्हीही कमी झालो. खिडकीत बसून तो कुंचले धुई. कोरडे, स्वच्छ कुंचले पुन्हा धुई. वहिनीचा भाऊ सुरतेला होता. तो शेजारच्या घरी फोन करून निरोप ठेवी, की इकडे साड्यांच्या छपाईची कामे भरपूर आहेत, मेहुण्यांना घेऊन ये. वहिनी तो निरोप मला सांगे, दादाला सांगत नसे. दादाला इंदूर सोडवणार नाही हे तिला माहीत होते, आणि इंदुरात त्याला करण्यासारखे काही उरले नाही हेही. ते सगळे गेले तर मी या शहरात एकटी उरणार होते. हे घरात कुणी बोलून दाखवले नाही, पण जेवताना ते आमच्याबरोबर बसलेले असे.

मी त्याआधीपासूनच शाळा सुटल्यावर राजूभियांच्या प्रेसमध्ये मुद्रिते तपासायला जात होते. त्या वर्षी त्यांनी नवा संगणक घेतला, रंगीत पडद्याचा. शहरात सगळीकडेच नवे काही येत होते. घराघरांत केबल आली होती, राजवाड्याकडच्या दुकानांत कधी न पाहिलेल्या शाम्पूंच्या बाटल्या मांडल्या होत्या, आणि लोकांच्या डोळ्यांना उजेडातल्या रंगांची चटक लागली होती. पत्रिका निवडायला आलेले गिऱ्हाईक जुना नमुन्यांचा अल्बम चाळून म्हणे, "कुछ टीव्ही जैसा चमकदार बताओ ना भिया."

मी राजूभियांना म्हटले, "माझ्या भावाला एकदा बसवून बघा."

"मैडम, मिल के आर्टिस्ट लोग कूची छोड़ते नहीं," ते म्हणाले. "माऊस उनको चूहाच लगता है."

"एक डिझाइन करू द्या. गिऱ्हाइकानं निवडलं, तर ठेवा."

त्यांनी थोडा विचार केला. राजूभिया दयाळू होते, पण दया दाखवताना हिशेबाचा चेहरा करत. "चलो. सीजन का एक सैंपल. कस्टमर ने पसंद करके छपवाया और खुश होके ले गया, तो दादा अपने पक्के. नहीं तो चाय पी के राम-राम."

अशी ती अट होती. एक पत्रिका, आणि तिच्यावर दादाचे इंदुरात राहणे.

पहिले काही दिवस माऊस टेबलाच्या कडेवरून खाली पडत राहिला. रेषेला दोन टोकांच्या दांड्या असतात, त्या ओढून वळण द्यायचे, हे त्याला पटायला वेळ लागला. हाताची रेषा एका झटक्यात येते, ही मागून मागून दुरुस्त करावी लागते. मग एका संध्याकाळी त्याला कळले की एकदा काढलेले फूल तसेच उचलून दुसरीकडे ठेवता येते, फिरवता येते, आरशासारखे उलटवता येते. त्याने एका फुलाची माळ केली, माळेची चौकट केली, आणि तो हसला. इतक्या महिन्यांनी ते हसू ऐकून मी दचकलेच.

"सुलू, हे तर खरंच आपल्यासारखं करून राहिलंय!"

"मग? मी काय सांगत होते!"

"तू तर शाळेतल्यासारखं सांगते. कोण ऐकणार?"

पळस काढायचे त्याने ठरवले. माळव्यात फाल्गुनात पान नसलेल्या झाडावर जे पेटते ते फूल. इथे त्याला टेसू म्हणतात. पोपटाच्या चोचीसारखी वाकडी पाकळी, खाली काळपट मखमली देठ. पत्रिकेच्या चारी बाजूंनी पळसाची चौकट, आणि मध्ये पोपटी पानांत गणपती. लग्नपत्रिकेवर बिनवासाचे, देवालाही फारसे न वाहिले जाणारे फूल कोण घालील असे मला वाटले, पण मी बोलले नाही. तो नारिंगी त्याने स्वतः शोधला. रंगांच्या चौकोनात बाण इकडून तिकडे नेत नेत एका जागी थांबला आणि मागे टेकून बसला. पडद्यातून उजेड येत होता आणि त्याचा चेहरा नारिंगी झाला होता.

मी त्याला आधीच सांगितले होते. वर्गात सांगते तसे, पहिल्या दिवशी. आता पुन्हा सांगितले.

"दादा, हा रंग पडद्याचा आहे. कागदावर असा येणार नाही. छपाईचे रंग या दुसऱ्या पट्टीत आहेत, त्यातला घे."

त्याने त्या पट्टीतला नारिंगी भरून पाहिला. फूल एकदम विटले. त्याने लगेच आधीचा परत आणला.

"तो मेलेला आहे."

"पण तोच छापला जाईल."

"सुलू, मी रंग दाखवतो. जुळवायचं काम रंगखात्याचं."

त्याची चूक कुठे होती ते मला त्या वाक्यात दिसले. मिलमध्ये तसेच चाले. चित्रकार कागदावर जो रंग लावी तो हुकूम असे. तो कागद रंगखात्यात जाई, तिथली माणसे बादल्यांत रंग कालवून, चिंध्या भिजवून, वाळवून, पुन्हा कालवून त्या रंगाला गाठत. नारिंगी हवा तर नारिंगीच कालवला जाई, आणि त्याच्यासाठी छपाईचा एक वेगळा रूळ असे. पाच रंग तर पाच रूळ. प्रत्येक रंग आपल्या अंगाने कापडावर उतरे. दादाने उभे आयुष्य रंग दाखवले होते, आणि मागे कुणीतरी ते जुळवून दिले होते. पडदा हा त्याला चित्रकाराचा कागद वाटला, आणि यंत्राच्या खोलीत रंगखाते असणारच असे तो धरून चालला.

"दादा, इथं रंगखातं नाही," मी म्हटले.

"असेल ना मागं. मशीन आहे ना मागं?"

राजूभियांनी त्याला मागे नेले. फळीवर चार डबे होते. सायन म्हणजे आकाशीकडे झुकणारा निळा, मजेंटा म्हणजे राणी रंगाच्या जवळचा, मग पिवळा आणि काळा. दादाने एकेकाचे झाकण उघडून पाहिले, वास घेतला.

"बाकीचे?"

"बाकीचे कुठले, दादा? बस इतनाच है. पूरी दुनिया इसी में छपती है."

"एक नारिंगी कालवा ना. मी कालवून देतो."

"कालवू की! पण पांचवां कलर मतलब पांचवीं प्लेट, और कागज मशीन पे एक बार और. शादी के कार्ड में कौन देगा? सैंपल में तो बिल्कुल नहीं."

त्याच आठवड्यात महूहून देव आडनावाच्या एक बाई आल्या. धाकट्या मुलीचे लग्न ठरले होते. त्यांनी अल्बम बाजूला सारला आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. दादा तेव्हा पाने ठीक करत होता.

"अगंबाई! हे टेसू तर जळून राहिलेत," त्या म्हणाल्या. "हेच हवं मला. कुणी काढलं?"

दादा खुर्चीतून अर्धवट उठला. मी म्हटले, "बाई, छापल्यावर थोडा उतरेल हो रंग. पडद्यावर उजेड असतो ना मागून."

"उतरू दे थोडा," त्या हसल्या. "मुलगी पण सासरी जाऊन थोडी उतरतेच."

शाळेत मी फळ्यावर लिहीत असे, मूळ रंग तीन: तांबडा, पिवळा, निळा. छपाईचे मूळ रंग वेगळे, आणि पडद्याचे त्याहून वेगळे: तांबडा, हिरवा, निळा, तिथे तिन्ही पूर्ण भरले की पांढरा होतो. सकाळी एक उत्तर शिकवायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या दोन उत्तरांवर काम करायचे, याने मला काही दिवस अवघडल्यासारखे झाले. मग मी मुलींना कारण सांगू लागले. पडदा स्वतः उजेड देतो. अंधारापासून सुरुवात करून, त्यात एकेक उजेड घालत तो पांढऱ्यापर्यंत जातो. कागदाजवळ स्वतःचा उजेड नाही. खिडकीतून येईल तो प्रकाश तो परत देतो, आणि शाई त्यातला काही अडवून ठेवते. म्हणून कागदावर जितके रंग चढवाल तितका प्रकाश घटतो. भडक नारिंगी आणि पोपटी हे उजेडाचे रंग आहेत. चार शायांना ते पुरते गाठता येत नाहीत. मुली मान हलवत, आणि परीक्षेत तांबडा, पिवळा, निळा असेच लिहीत. मी गुण देत असे. अभ्यासक्रम तोच होता.

पत्रिका छपाईला जाण्याच्या दिवशी दादा मला म्हणाला, "तूच बदल. माझ्या हातानं नको." मी आधी मूळ फायलीची प्रत वेगळी ठेवली. त्यात काही विशेष हेतू नव्हता. मी कुठल्याही फायलीची ठेवते. मग सगळी चौकट एकदम निवडून बदलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "एक एक कर."

मी एक एक पाकळी निवडली. एक एक पाकळी मावळली. आकाशकंदिलातला दिवा काढून घेतल्यावर नुसता कागद उरतो, तशी. तो शेजारच्या स्टुलावर बसून पाहत होता. शेवटच्या ओळीतले एक फूल राहिले तेव्हा चौकटीत ते एकटेच पेटलेले होते, आणि त्याच्यामुळे बाकीची विझलेली आहेत हे ठळक कळत होते. ते बदलल्यावर मात्र सगळे सारखे झाले आणि डोळा निवला. वाईटही वाटेनासे झाले, कारण तुलनेला काही उरले नव्हते.

"वाईट नाही दिसत," मी म्हटले.

"नाही," तो म्हणाला. "वाईट नाही."

पत्रिका छापून आल्या. त्या खरोखरच नीटस होत्या, आजही मी तसेच म्हणेन. देवबाई न्यायला आल्या, त्यांनी एक पत्रिका उजेडात धरली, उलटीसुलटी केली.

"छान आहे हो. अगदी छान," त्या म्हणाल्या, आणि मग पडद्याकडे पाहिले. त्यावर त्या वेळी कुणाची तरी पावती होती. "ते तिकडं होतं ना त्या दिवशी... ते जरा और होतं. जाऊ द्या. नावं बरोबर आहेत ना, झालं."

त्यांनी गठ्ठा घेतला आणि त्या गेल्या. राजूभिया लगेच दादाकडे वळले. "दादा, कस्टमर ले गया, बस! ये लोग तो ऐसेच बोलते हैं. कल से टाइम पे आना. अपने पक्के."

दादाने टेबलावरचे भिंग उचलले, मागे उरलेल्या एका पत्रिकेवर ठेवले आणि डोळा लावला. बराच वेळ तो वाकलेला होता. मग त्याने मला बोलावले.

"बघ."

मला काय दिसणार ते मला माहीत होते. तरी मी पाहिले.

"नारिंगी कुठाय यात?" तो म्हणाला. "पिवळ्यावर गुलाबी ठिपके बसलेत नुसते. नारिंगी एक पण नाही."

"लांबून तो नारिंगीच दिसतो, दादा. छपाईत असंच असतं."

"हो. ते तू सांगितलं होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने भिंग पुसून जागेवर ठेवले, मागे जाऊन साबणाने हात धुतले, आणि राजूभियांपुढे हात जोडले. "भिया, तुमची मेहरबानी. माझ्याच्यानं हे नाही होणार."

राजूभिया माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी दिलेला शब्द पाळला होता. अट पुरी झाली होती. जागा होती आणि माणूस नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना दादा आपणहून सुरतेविषयी बोलला. तिथे साड्यांना अजून प्रत्येक रंगासाठी छपाईची वेगळी जाळी लावतात, असे त्याने कुणाकडून तरी ऐकले होते. "रंग रंगासारखा भरतात," तो म्हणाला. वहिनी मुक्ताला भरवत होती, तिचा हात थांबला. मग तो मला म्हणाला, "तू पण चल." मी म्हटले, "शाळा आहे माझी." तो म्हणाला, "हो, शाळा आहे." त्याने पुन्हा विचारले नाही. त्याने दुसऱ्यांदा विचारले असते तर मी काय म्हटले असते, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. उत्तर दर वेळी निराळे येते.

फाल्गुनात ते गेले. सुरतेची बस धार शहराच्या बाजूने जाते. मुक्ता खिडकीच्या काचेला तोंड लावून बसली होती आणि तिच्या श्वासाने काच धुरकट होत होती. दादाने कुंचले बरोबर नेले नाहीत. ते खिडकीतल्या बरणीत तसेच होते. नंतर कधीतरी मीही ते धुऊ लागले.

थोड्याच दिवसांनी चित्रकलेच्या परीक्षेच्या कामासाठी मला महूला जावे लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. मी टेम्पोत बसल्या बसल्या मनात आकडे लावू लागले: पिवळा पूर्ण, मजेंटा निम्म्याहून थोडा जास्त. आकडे बरोबर होते. समोरचे झाड त्यांना जुमानत नव्हते.

एकटेपणाचे मला आधी वाटले होते तसे काही झाले नाही. मला वाटले होते घर मोठे वाटेल. ते तेवढेच वाटले. फक्त त्यातले मराठी गेले. बाजारात हिंदी, प्रेसमध्ये हिंदी, शेजारी माळवी. शाळेत मराठी होते, पण मिलमधली कुटुंबे एकामागून एक गेली, तसे वर्गातले बाक मागून रिकामे होत आले. शेवटी शेवटी माझी हजेरी एका दमात संपत असे. काही दिवस असे येत की संध्याकाळी दार उघडून आत येताना लक्षात येई, आज आपण मराठीत फक्त फळ्यावर लिहिले, बोललो नाही. मग मी भाजी चिरता चिरता मोठ्याने काहीतरी म्हणे. "मीठ संपत आलंय." "उद्या इस्त्रीचे कपडे." आवाज भिंतीला लागून परत येई आणि मला जरा लाजल्यासारखे होई.

दादा सुरतेत रमला का, हे मला नीट सांगता येणार नाही. रोजगार मिळाला, घर झाले. मी सुट्टीत गेले की तो मला कारखाना दाखवायला नेई आणि तिथल्या गोंगाटात बोलणे होत नसे. त्या पत्रिकेचे नाव त्याने कधी काढले नाही, मीही नाही. इंदूरला तो पुन्हा आला नाही. काही ना काही निघत असे.

प्रेसमध्ये संगणक बदलत गेले. प्रत्येक नव्या संगणकावर मी पळसाची मूळ फाइल उतरवून घेई, उघडून पाही, नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा जतन करी आणि बंद करी. राजूभिया एकदा म्हणाले, "मैडम, ये डिझाइन किसी को बताती क्यों नहीं?" मी म्हटले, "छापता येत नाही." ते म्हणाले, "तो रखती क्यों हो?" मी म्हटले, "जागा किती लागते?"

या वर्षी, तुळशीचे लग्न झाल्यानंतरच्या आठवड्यात मुक्ताचा फोन आला. तिचे लग्न ठरल्याचे मला दिवाळीतच कळले होते.

"आत्या, कार्ड तूच बनव हं. पण छापायचं नाही आहे. आजकल सगळे मोबाइलवरच पाठवतात. बस एक मस्त इमेज करून दे."

"छापायचंच नाही?"

"एक पण नाही. कागद कोण ठेवतं आत्या? आणि कलर एकदम ब्राइट पाहिजे, हं."

फोन ठेवल्यावर मी ती फाइल उघडली. पळस होता तसा होता. मी मध्ये मुक्ताचे आणि जावयाचे नाव घातले, नमुन्यातले 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' तसेच ठेवले, वेलांट्या तपासल्या, आणि नेहमीप्रमाणे हात पद्धत बदलायच्या आज्ञेकडे गेला. तो मी थांबवला. आयुष्यात पहिल्यांदा लग्नपत्रिकेची फाइल मी पडद्याच्याच रंगांत बाहेर काढली आणि मुक्ताला पाठवली. तिने उत्तरात लाल बदामांची रांग पाठवली. त्या कुणाच्या हातच्या पाकळ्या आहेत हे तिला माहीत नव्हते, आणि मी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. तो सहसा स्वतः करत नाही. वहिनी लावून देते आणि त्याच्या हातात देते.

"सुलू." मागे एक स्कूटर गेली. "हा कुठं ठेवला होतास?"

"होता तिथंच."

"रंग उतरला नाही."

"मी बदललाच नाही तो. मूळ प्रत आहे."

मग तो म्हणाला, "एक छापून घे."

"दादा, छापला तर उतरेल. तुला माहीत आहे."

"उतरू दे की. गणपतीपुढं पहिली पत्रिका ठेवायला नको? मोबाइल ठेवते का तिथं?" तो हसला. तसाच, माळेची चौकट झाली होती त्या संध्याकाळसारखा. "बडा गणपतीलाच ठेव. आपल्याकडची तिथंच जाते."

"तू ये ना ठेवायला."

"गुडघे कुठं चढू देतात आता बसमध्ये." मग जरा थांबून, "तूच ठेव. तू आहेस ना तिथं."

मी एक प्रत केली आणि तिचे रंग बदलले. या वेळी सगळे एकदम. जाड कागदावर एकच पत्रिका काढली, कडा कापल्या, चारी कोपऱ्यांना ओले हळदकुंकू लावले. बोटाने लावलेले कुंकू कागदावर थोडे पसरले. शेजारच्या पाकळीपेक्षा ते कितीतरी उठून दिसत होते. तो चार डब्यांतला रंग नव्हता.

देवळात मोसमाची गर्दी होती. पहिली पत्रिका ठेवायला लोक घरची सगळी माणसे घेऊन येतात. नवऱ्या मुलीच्या काकू, मावश्या, कडेवरची मुले. माझ्यापुढच्या घोळक्यात कुणाला पुढे उभे करायचे यावर गोड वाद चालला होता. माझी पाळी आली तेव्हा पुजाऱ्यांनी माझ्या मागे पाहिले.

"माताजी, घर के लोग?"

"सूरत में हैं."

त्यांनी मान डोलावली, पत्रिका घेतली, देवाच्या पायांपाशी इतर पत्रिकांवर उघडी ठेवली आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा दिला. वर ती प्रचंड मूर्ती शेंदराने पेटल्यासारखी, आणि खाली कागदांचा ढीग. त्या शेंदरापुढे सगळ्याच पत्रिका फिक्या होत्या. मी वाकून जवळून पाहिले. भिंग नव्हते, तरी ठिपके कुठे असतील ते डोळ्यांना ठाऊक होते. पिवळ्यावर गुलाबी. मागचे लोक हलू लागले होते. पाठ न फिरवता, दोन्ही हात जोडून, मागे मागे सरकत मी दारापर्यंत आले. तिथून तो पळस नारिंगीच दिसत होता.